गुरवांचा उंबर, बेहेऱ्यांची हरकत

उंबर पडल्याला पाच दिवस झाले होते आणि या पाच दिवसांत बेहेऱ्यांच्या घरातल्या एकाही माणसाने मंदाकिनीला, तुझा चष्मा तरी सापडला का, असं विचारलं नव्हतं. नुकसानभरपाई हा शब्द मात्र तिने एव्हाना चाळीस वेळा ऐकला होता.

झाड गुरवांचं. भिंतीपलीकडे, गुरवांच्या आवारात ते उभं होतं, आणि पडायची वेळ आली तेव्हा अलीकडे, बेहेऱ्यांच्या बाजूला पडलं. मंगळवारी भर दुपारी. वारा नाही, पाऊस नाही, ऑक्टोबरच्या उकाड्यात अख्ख्या डोंबिवलीत पान हलत नव्हतं, आणि दोन मजले उंच उंबर मुळासकट उन्मळून मंदाकिनीच्या मागच्या दोन खोल्यांवर आडवा झाला. ती वाचनालयात पुस्तक बदलायला गेली होती म्हणून वाचली. परत आली तर गल्लीत ही गर्दी, आणि तिचा थोरला भाऊ श्रीपाद हातात टेप घेऊन कुंपणाची भिंत किती फूट पडली ते मोजतोय. बहीण आत होती की बाहेर, हे त्याला भिंत मोजून झाल्यावर आठवलं.

त्या संध्याकाळी श्रीपादची मुलगी, तिची भाची क्षिप्रा येऊन तिला कल्याणला घेऊन गेली. क्षिप्राचं घर दोन खोल्यांचं, त्यात तिची सासू. सासूबाई पाच दिवस रोज सकाळी चहा देताना एकच विचारत, "मग आज काय ठरलं तुमचं?" मंदाकिनी रोज सांगत होती, रविवारी ठरेल. चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेल्या बाईला एकोणसत्तराव्या वर्षी दुसऱ्याच्या सासूला हजेरी द्यावी लागत होती, आणि ते तिला मनापासून झोंबत होतं.

रविवारी सकाळी दहाला सगळे पुढच्या हॉलमध्ये जमले. गुरवांना अकराला बोलावलं होतं. मधला एक तास आपसात एकमत करण्यासाठी राखून ठेवला होता, कारण बेहेऱ्यांच्या घरात एकमत करायला लागतं, होत नाही.

"आधी हे ठरवू की मागायचं काय," श्रीपाद म्हणाला. तो त्र्याहत्तरचा होता, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेला, आणि निवृत्तीनंतरची सगळी वर्षं त्याने पत्रं लिहिण्यात घालवली होती. रस्त्याच्या खड्ड्यांबद्दल, स्टेशनवरच्या बंद जिन्याबद्दल, गणपतीतल्या भोंग्यांबद्दल. "मला पैशात रस नाही. मला गुरवांकडून लेखी माफी हवी."

"बाबा, माफीची कौलं घालणार का छपरावर?" अद्वय म्हणाला.

अद्वय श्रीपादचा मुलगा. ठाण्याला घोडबंदर रोडवर सोळाव्या मजल्यावर राहणारा. वडिलांच्या घरी तो वर्षातून सात-आठ वेळा यायचा, पण गेल्या पाच दिवसांत तीनदा येऊन गेला होता. तीनही वेळा त्याने पडलेल्या झाडाचे फोटो काढले आणि तीनही वेळा आत्याला म्हणाला, तू टेन्शन घेऊ नकोस. हा मुलगा टेन्शन घेऊ नकोस म्हणाला की समोरच्याने आपल्या सामानाची बांधाबांध सुरू करावी, एवढं मंदाकिनीला एव्हाना कळलं होतं.

"आत्या, हे बघ," त्याने मोबाइल पुढे केला. "दिवा स्टेशनजवळचा माझा फ्लॅट. भाडेकरू गेल्याच महिन्यात सोडून गेलाय. तू तिकडे शिफ्ट हो. भाडं-बिडं काही नाही, घरचीच तू."

"कितवा मजला?"

"चौथा. पण हवा काय मस्त आहे."

"लिफ्ट?"

"येणारे. बिल्डर बोललाय."

"आणि पाणी?"

"दिवसाआड येतं ना. टँकर पण असतो." अद्वयने मोबाइल खिशात ठेवला. "तात्पुरतंच गं."

तात्पुरतं म्हणजे काय ते मंदाकिनीला ठाऊक होतं. मागच्या दोन खोल्या तिच्या, हे तिचे वडील नाना मरताना बोलले होते. मंदा आहे तोवर तिच्या, असं. सगळ्यांनी मान डोलावली होती. जगातल्या प्रत्येक विषयावर अर्ज लिहिणाऱ्या श्रीपादने तेवढी एक गोष्ट मात्र कधी कागदावर उतरवली नव्हती, आणि लग्न न केलेल्या मंदाने, भाऊ आहे तो, असं म्हणून कधी मागितलीही नव्हती. कागदावर सगळं घर श्रीपादचं. त्या खोल्यांची फरशी तिच्या पगारातली होती, न्हाणीघर तिच्या फंडातलं होतं, पण फरशीवर काही नाव लिहिलेलं नसतं.

आणि खोल्या जुन्या. मागे नियमाप्रमाणे सोडायची जागा न सोडता बांधलेल्या. उभ्या आहेत तोवर त्यांची दुरुस्ती करता येत होती. भिंती एकदा पाडल्या की तिथे नव्याने एक वीट ठेवायलाही परवानगी मिळणार नव्हती. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. काल क्षिप्राच्या फोनवर अद्वय मोठ्याने बोलत होता तेव्हा तिने ऐकलं होतं. सोमवारी सकाळी माणसं येणार होती, उरलेल्या भिंती पाडायला. धोकादायक आहेत म्हणून.

"उद्याची ती माणसं कशाला बोलावली आहेस?" तिने विचारलं.

अद्वयने क्षिप्राकडे पाहिलं. क्षिप्राने पंख्याकडे पाहिलं.

"सेफ्टी गं आत्या. उद्या कोणाच्या डोक्यात पडलं म्हणजे?"

"छप्पर पडलंय. भिंती तीन बाजूंनी उभ्या आहेत. मी बघून आले मघाशी."

"अगं, पण हे सगळं मोठ्या पिक्चरमध्ये बघ ना. आपला प्लॉट आणि गुरवांचा प्लॉट, दोन्ही मिळून सात मजले होतात. एकट्या आपल्या प्लॉटवर काही होत नाही. बिल्डर दीड वर्षं मागे लागलाय. गुरव सही करत नाही. आता झाड पाडलं त्याने आपल्यावर. नोटीस गेली, कोर्टाच्या चार फेऱ्या दिसल्या, की काका येतील लायनीवर. मग तुलाही नवीन बिल्डिंगमध्ये बघू की काहीतरी."

तर हे होतं. मंदाकिनीला राग यायच्या आधी हसूच आलं. तिच्या डोक्यावर झाड पडता पडता राहिलं, आणि भाच्याला त्यात सात मजले दिसले.

"अद्वय, एक मिनिट," क्षिप्रा म्हणाली. ती विमा कंपनीत होती, दावे तपासायच्या खात्यात, आणि बोलताना समोरच्याचा अर्ज नाकारत असल्यासारखं बोलायची. "झाड त्यांचं होतं म्हणून आपोआप ते भरून देतील असं नसतं. चांगलं झाड वादळात पडलं तर तो दैवी कोप, कोणी जबाबदार नाही. पण झाड धोक्याचं आहे हे मालकाला माहीत होतं आणि तरी त्याने काही केलं नाही, तर तो निष्काळजीपणा. मग भरायला लागतं. आपल्याला एवढंच सिद्ध करायचं आहे, की काकांना माहीत होतं."

"वादळ तर नव्हतंच," श्रीपाद म्हणाला.

"तेच ना. म्हणजे अर्धं काम झालं. आता ते स्वतःच्या तोंडाने बोलले पाहिजेत. मी फोन इथे टेबलावर रेकॉर्डिंगला ठेवते. आणि अद्वय, आत्याच्या खोल्या दुरुस्त करून द्यायचं आधी ठरू दे. मी त्याशिवाय यात नाही."

मंदाकिनीला क्षणभर भाचीबद्दल माया दाटून आली. अद्वय उठला, क्षिप्राला गॅलरीत घेऊन गेला. काचेतून दिसत होतं, तो तीन बोटं दाखवत होता, मग चार. चार बोटांना क्षिप्राची मान हलली. परत आल्यावर ती आत्याच्या शेजारी न बसता भावाच्या शेजारी बसली, आणि दुरुस्तीचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. माया दाटून यायला वेळ लागला होता, ओसरायला लागला नाही.

बरोबर अकराला विठ्ठल गुरव आले. बरोबर मुलगा संदेश. गुरव मूळचे देवगडकडचे, एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत तीस वर्षं काढलेले, आणि स्वच्छ पांढरा शर्ट घालून आले होते. हातात प्लॅस्टिकची निळी फाइल. संदेश मंदाकिनीचा विद्यार्थी होता. तिला बघून तो वाकला.

"बाई, बऱ्या आहात ना? मी कालपण आलेलो, तुम्ही कल्याणला होतात. तुमचा चष्मा भेटला मला. काच गेलीय एक." त्याने खिशातून रुमालात गुंडाळलेला चष्मा काढून तिच्या हातात दिला.

मंदाकिनीने तो तसाच मुठीत धरून ठेवला. श्रीपादने घसा खाकरला.

"बसा गुरव. तुम्हाला कल्पना आहेच आम्ही का बोलावलं ते."

"हो. बेहेरेसाहेब, झालं ते लय वाईट झालं. मंदाताई घरात असत्या तर मी तोंड कुठे दाखवलं असतं?" गुरव खुर्चीच्या कडेवर बसले. "भिंतीचं मी बोललोच आहे. भिंत मी बांधून देतो. फांद्या तोडायला माणसं लावतो."

"काका, भिंतीचं ठीक आहे," क्षिप्राचा आवाज मधात घोळवलेला होता. "मला फक्त एक सांगा. तुम्हाला वाटलं होतं का कधी, की हे झाड पडू शकतं?"

"वाटलं होतं म्हणजे? माहीतच होतं. खोड आतून पोकळ झालेलं. कोयता मारला की ढब ढब आवाज यायचा. बुंध्याला अळंबी फुटलेली. मी सगळ्यांना सांगत होतो."

अद्वयने ओठ आत ओढून हसू दाबलं. क्षिप्राने फोन दोन बोटांनी किंचित पुढे सरकवला.

"म्हणजे तुम्हाला स्पष्ट माहीत होतं. किती दिवसांपासून?"

"दोन वर्षं तरी झाली."

"दोन वर्षं," श्रीपाद म्हणाला. त्याने हा आकडा एखाद्या निकालपत्रासारखा उच्चारला. "दोन वर्षं तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही माझ्या बहिणीच्या डोक्यावर ते झाड तसंच ठेवलंत."

आयुष्यात पहिल्यांदा त्याला बहिणीच्या डोक्याची एवढी काळजी वाटली होती. मंदाकिनी गुरवांकडे बघत होती. गुरव गोंधळले नव्हते. ते फाइलचं बटण उघडत होते, आणि आत काय असणार ते तिला आठवलं.

"ठेवलं कुठे साहेब?" गुरव म्हणाले. "मी तोडायचा अर्ज केलेला ना पालिकेकडे. ही बघा पोच. मग त्यांचा माणूस आला, झाडावर नोटीस चिकटवून गेला, कोणाची हरकत असेल तर सात दिवसांत कळवा म्हणून. गल्लीत कोणाची नाही आली. एकच आली, आणि तेवढ्यावर परवानगी अडली." त्यांनी एक कागद काढून श्रीपादपुढे धरला. "तुमची."

क्षिप्राच्या फोनवर सेकंद पुढे सरकत होते.

बेहेऱ्यांच्या घरची एक रीत होती. श्रीपाद आठवडाभर पत्रं लिहायचा आणि रविवारी सकाळी, पोहे झाले की, घरातले सगळे त्यावर वयाच्या क्रमाने सह्या करायचे. वाचायचं कोणी नाही. एकाच्या तक्रारीला केराची टोपली दाखवतात, चार सह्या असल्या की दखल घेतात, असं श्रीपादचं मत होतं. अद्वय ठाण्याहून आलेला असला तर तोही पोह्यांची बशी एका हातात धरून दुसऱ्या हाताने सही ठोकायचा. क्षिप्राही. जिन्याबद्दल आहे का भोंग्याबद्दल, हे कोणी विचारत नसे.

उंबराच्या हरकतीवर चौघांच्याही सह्या होत्या. श्रीपाद ना. बेहेरे. मंदाकिनी ना. बेहेरे. क्षिप्रा. अद्वय, सही ठळक, खाली दोन रेघा मारलेली.

"मी कधी केली?" अद्वय म्हणाला.

"त्या रविवारी केलीत ना तुम्ही," संदेश म्हणाला. "तुमची गाडी आमच्या गेटसमोर होती."

"हे बघा, तो पर्यावरणाचा प्रश्न होता," श्रीपादने आवाज चढवला. "औदुंबर आहे तो. दत्ताचं स्थान. आमची श्रद्धा आहे."

मंदाकिनीने भावाकडे पाहिलं. या घरात त्या उंबराला आई गेल्यानंतर कोणी एक प्रदक्षिणा घातली नव्हती. उंबरं पिकून अंगणात सडा पडला, चिलटं आली, की सगळ्यात आधी श्रीपादच नाक मुरडायचा. हरकत घेतली ती गुरवांनी अर्ज करताना त्याला विचारलं नाही म्हणून. चाळीस वर्षं शेजारी आहे, एक शब्द टाकला नाही माणसाने, एवढंच त्याला लागलं होतं. गुरवही काही केवळ शेजाऱ्यांच्या जिवासाठी झाड तोडायला निघाले नव्हते, त्यांना त्या जागी संदेशच्या टेम्पोसाठी शेड घालायची होती. पण झाड पोकळ आहे असं ते म्हणत होते आणि झाड पोकळ होतं.

"साहेब, ते खालचं वाचा," गुरव म्हणाले. "मला असलं कचेरीतलं मराठी जास्त कळत नाही. पण संदेशने वाचून दाखवलं तेव्हा मी बोललो, यांच्यासारखं लिहिणारं कोणी नाही."

श्रीपाद वाचेना. क्षिप्राने कागद ओढून घेतला आणि वाचायला लागली, आधी मोठ्याने, मग आवाज खाली येत गेला.

"सदर वृक्ष पूर्णतः निरोगी असून त्यापासून आम्हांस कोणताही धोका संभवत नाही. आणि उद्या दैववशात तो आमच्याच छपरावर कोसळला, तरी त्याबद्दल आमची कोणाहीविरुद्ध तक्रार असणार नाही, इतकी आमची त्यावर श्रद्धा आहे."

तिने कागद खाली ठेवला आणि फोनचं रेकॉर्डिंग बंद केलं.

"हे कोणी लिहिलं?" अद्वयने विचारलं. "बाबा, कोण लिहितं असलं?"

"ते वाक्य माझं नाही," श्रीपाद म्हणाला. "ते मंदाचं आहे."

आजवर या माणसाने आपल्या पत्रांतल्या एका स्वल्पविरामाचं श्रेय बहिणीला दिलं नव्हतं. त्याची शेकडो पत्रं तिने तपासली होती, वाक्यं सरळ केली होती, आणि लोक त्याला म्हणायचे, काय लेखणी आहे तुमची. आज प्रथमच त्याने लेखिकेचं नाव जाहीर केलं.

आणि ते खरं होतं. श्रीपादचा मसुदा होता, झाड चांगले आहे, तोडू नये. तिला तो वाचून कीव आली होती. यात जीव नाही दादा, असं म्हणून तिने पेन घेतलं, आणि उंबर छपरावर पाडला. लिहून झाल्यावर तिने ते दोनदा मोठ्याने वाचलं होतं आणि आपल्यावरच खूश झाली होती. त्याहून वाईट गोष्ट तिने आजवर कोणाला सांगितली नव्हती. गेल्या वर्षीपासून खिडकीतून तिला उंबराची करकर ऐकू यायची. वारा नसतानाही. ऐकून ती कूस बदलायची. निरोगी असं आपण लिहून दिलेलं झाड कुरकुरतंय, हे कोणाला सांगायचं तिच्या जिवावर यायचं. शाळेत मुलांच्या वह्यांत चूक दिसली की लाल रेघ मारणाऱ्या बाईला स्वतःची चूक वर्षभर ऐकू येत होती, आणि तिने ती ऐकून घेतली होती.

"गुरव, तुम्ही दहा मिनिटं बाहेर बसता का?" अद्वय म्हणाला.

गुरव आणि संदेश पायरीवर जाऊन बसले. अद्वयने दार लोटून घेतलं.

"ओके. ऐका. याच्यातून रस्ता आहे. ताई, सही करणाऱ्याला मजकूर समजलाच नसेल, तर?"

क्षिप्रा विचार करत होती. दावे नाकारायची सवय असलेल्या माणसाला दावे उभे करायचीही कला येते. "आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याच सुमाराला झालं होतं," ती म्हणाली. "तिला दिसत नव्हतं. वाक्य तिने लिहिलं, पण ती तेव्हा ठीक नव्हती. आपण सगळ्यांनी तिच्या भरवशावर सह्या केल्या. तसं तिने आता लिहून दिलं, की तेव्हा माझी लक्षात ठेवण्याची, समजून घेण्याची स्थिती नव्हती, तर या कागदाला फारशी किंमत राहत नाही."

"ऑपरेशन त्यानंतर सहा महिन्यांनी झालं," मंदाकिनी म्हणाली.

"अगं, कोण बघतंय तारीख?"

"मी."

"आत्या, फक्त फॉर्मॅलिटी आहे," अद्वय तिच्यासमोर उकिडवा बसला. लहानपणी खाऊ हवा असला की असाच बसायचा. "विस्मरण होतं म्हणून लिहायचं. या वयात सगळ्यांनाच होतं. तुझ्याच खोल्यांसाठी चाललंय ना हे सगळं?"

"माझ्या खोल्या उद्या पाडायची माणसं तू बोलावली आहेस."

"मंदा," श्रीपाद म्हणाला. त्याचा स्वर एकदम मऊ झाला होता. "तू एवढी सही दे. मी तुला शब्द देतो, माणसं रद्द करतो, आणि खोल्या नीट करून देतो. पहिल्यासारख्या."

खोट कुठे आहे ते दिसत असूनही मंदाकिनीला ते हवं होतं. तिला दिव्याला चौथ्या मजल्यावर पाण्याची वाट बघत बसायचं नव्हतं. कल्याणला चहाबरोबर हजेरी द्यायची नव्हती. तिला तिच्या खिडकीशी, तिच्या फरशीवर, दार लावून एकटीला बसायचं होतं. त्यासाठी, मला कळत नव्हतं, एवढं लिहायला काय जात होतं? कोणाला काय फरक पडणार होता? गल्लीतल्या निम्म्या लोकांना ती तशीही विक्षिप्त वाटायची.

"देते," ती म्हणाली.

अद्वयने मोठा श्वास सोडला.

"देते सही. पण दादा, तू आत्ता जे बोललास ते आधी लिहून दे. मागच्या दोन खोल्या दुरुस्त करून देईन आणि मंदा आहे तोवर त्या तिच्या. दोन ओळी. तू लिही, खाली सही कर, क्षिप्रा आणि अद्वय साक्षीदार. मग मी तुमच्या कागदावर करते."

खड्ड्यांबद्दल, जिन्याबद्दल, भोंग्याबद्दल ज्याने रिमांवर रिमं कागद संपवले, त्या श्रीपादचा हात मांडीवरून हलला नाही.

"आपल्या आपल्यात लिहायचं काय त्यात?" तो म्हणाला.

"खरंच आत्या," क्षिप्रा म्हणाली. "घरातल्या घरात कागद करायचे म्हणजे..."

"बिल्डरला नंतर प्रॉब्लेम होतो गं असल्या कागदांचा," अद्वयच्या तोंडून गेलं, आणि गेल्यावर त्याला कळलं.

मंदाकिनी उठली. तिला वाटलं होतं आपल्याला रडू येईल, पण आला तो राग, आणि तोही बराचसा स्वतःचाच. इतकी वर्षं ती या माणसाची वाक्यं सुधारत बसली, आणि आपलं एक वाक्य तिला त्याच्याकडून लिहून घेता आलं नव्हतं. तिने टेबलावरचा हरकतीचा कागद उचलला. एका काचेचा चष्मा डोळ्यांवर चढवला. खाली मोकळ्या जागेत तिने लिहिलं, 'वरील अधोरेखित वाक्य मी लिहिले असून ते लिहिताना मी पूर्ण शुद्धीत होते.' वरच्या त्या वाक्याखाली रेघ मारली, सही केली, तारीख घातली. मग दार उघडून कागद गुरवांच्या हातात दिला.

"हा तुमच्या फाइलमध्ये ठेवा. आणि संदेश, जरा आत ये. माझा पलंग शाबूत आहे ना?"

"आहे की बाई. लोखंडी आहे, त्याला काय होतंय? नुसती माती पडलीय."

"तो उचलून आण. वडिलांना हात लावायला सांग. इथे, हॉलमध्ये."

संदेशने एकदा श्रीपादकडे पाहिलं, पण शाळेतली सवय मोडत नाही. बाप-लेक मागे गेले.

"आत्या, काय करतेस तू?" अद्वय म्हणाला. "बिल्डरची माणसं गुरुवारी येणार आहेत इथे, बसायला."

"येऊ देत. मी काही त्यांना चावणार नाही." ती श्रीपादकडे वळली. "दादा, ऐक. खोल्या दुरुस्त झाल्या की मी त्याच दिवशी मागे जाईन. उद्या त्या पाडल्यास तर मी इथेच राहीन. मरेपर्यंत. मला हाकलायचं असेल तर तुला ते चारचौघांत, गल्लीसमोर करायला लागेल. आणि त्याचं पत्र मी तपासून देणार नाही."

मंदाकिनी हॉलच्या मधोमध उभी राहून जागा बघत होती. दिवाण भिंतीला सरकवला की होत होतं.

पलंग आला. गुरवांनी त्यावरची माती आपल्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीने पुसली, मग शर्टाकडे पाहून बाही दुमडली. जाताना संदेश पुन्हा वाकला. त्यांच्यामागे दार तिने स्वतः लावून घेतलं, कडी घातली, आणि दुपारी बाराच्या ठोक्याला सगळ्यांच्या समोर पलंगावर आडवी झाली, भिंतीकडे तोंड करून.

मागे क्षिप्राची कुजबुज सुरू झाली, अद्वयची, मग श्रीपादची जड. थोड्या वेळाने तीही थांबली. या घरात एकमत करायला एकच जागा होती आणि तिथे मंदाकिनी झोपली होती. पावलं वाजली. एकेक करून तिघं स्वयंपाकघरात गेले आणि दार हळूच लोटलं.

"तिथलंही ऐकू येतं मला," मंदाकिनी भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली.